वरून भुसभुशीत, आत दगड: भातशेतातला 'कठीण थर' तयार कसा होतो आणि त्यावर उपाय काय?

थंडी पडली की पनवेल, पेण, अलिबागच्या गावांमध्ये पोपटीचे बेत सुरू होतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कुणाकडे अंडी, कुणाकडे चिकन आणि भोवती जाळ. सोशल मीडियावर या मडक्याचे फोटो दरवर्षी फिरतात. पण ती शेंग येते कुठून, याची चर्चा फारशी होत नाही.

रायगडमध्ये वाल बहुतेक ठिकाणी भात कापून झाल्यावर त्याच खाचरात लावला जातो. त्याला वेगळं पाणी दिलं जात नाही. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर आणि थंडीतल्या दवावर हे पीक उभं राहतं. म्हणजे वरची माती सुकत जाते, तसतसं वालाच्या मुळाला खाली खाली जावं लागतं.

अनेक खाचरांत मात्र वीतभर खोलीवरच मुळाची वाट अडते. तिथे मातीचा एक कठीण थर असतो. वरून पाहिलं तर शेत नांगरलेलं, भुसभुशीत दिसतं आणि आत मात्र दगडासारखी माती लागते. यालाच शेतीच्या भाषेत 'हार्डपॅन' किंवा साध्या शब्दांत कठीण थर म्हणतात.

हा थर कसा तयार होतो? तो नेहमीच वाईट असतो का? आणि एकदा तयार झाला की काढता येतो का?

जमीन घट्ट होते म्हणजे नेमकं काय होतं?

माती म्हणजे फक्त मातीचे कण नव्हेत. चांगल्या शेतजमिनीत साधारण निम्मी जागा कणांची असते आणि निम्मी पोकळ्यांची. या पोकळ्यांपैकी काहींमध्ये पाणी असतं, काहींमध्ये हवा. मुळं वाढतात ती याच पोकळ्यांमधून. गांडुळं आणि सूक्ष्मजीवही तिथेच राहतात.

मातीवर वजन पडलं की कण जवळ सरकतात. सगळ्यात आधी दबतात त्या मोठ्या पोकळ्या. पाणी झटकन खाली नेणाऱ्या आणि हवा खेळती ठेवणाऱ्या पोकळ्या त्याच असतात.

आकड्यांत सांगायचं तर निम्मी पोकळी असलेल्या कोरड्या मातीचं वजन एका घन सेंटिमीटरला साधारण १.३ ग्रॅम भरतं. तीच माती दाबून १.६ ग्रॅमपर्यंत नेली, तर पोकळ्यांचा वाटा ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येतो. फरक दहा टक्क्यांचा वाटतो, पण कमी झालेली जागा ही नेमकी हवेची आणि मुळांची असते.

मूळ किती कठीण माती भेदू शकतं, यालाही मर्यादा आहे. मातीचा प्रतिकार दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० किलोच्या पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ जवळपास थांबते, असं मृदाशास्त्रात मानलं जातं. तुलनेसाठी, कारच्या टायरमधल्या हवेचा दाब याच मापात दोन किलोंच्या आसपास असतो.

मूळ अडलं की ते आडवं वळतं. झाड वरच्या वीतभर मातीतच अन्नपाणी शोधत राहतं. पाऊस जास्त झाला की पाणी साचून मुळं गुदमरतात आणि उघडीप मिळाली की तेच झाड सर्वात आधी सुकतं. साचलेल्या पाण्यात हवा नसल्यामुळे जमिनीतल्या नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो. पीक पिवळं पडतं. मग शेतकरी युरियाची आणखी एक मात्रा देतो. खर्च वाढतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मग भातशेतीत हा थर मुद्दाम का तयार करतात?

भाताच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. भाताला खाचरात पाणी उभं राहिलेलं हवं असतं. म्हणून लावणीआधी खाचरात पाणी भरून चिखलणी केली जाते. चिखलणीत मातीची मूळ रचना मोडते, बारीक कण सुटे होतात आणि खाली बसताना पोकळ्या बुजवतात. बैलांचे खूर, माणसांचे पाय आणि औजारांची चाकं त्याच खोलीवर दाब देतात. वर्षानुवर्षं हे झालं की साधारण १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवर घट्ट थर तयार होतो.

या थराचे फायदे खरे आहेत. पाणी खाली झिरपणं कमी होतं. दिलेलं खत पाण्याबरोबर वाहून जाण्याचं प्रमाण घटतं. तण दबतं. लावणी करताना पाय किंवा पॉवर टिलर खोल रुतत नाही. भाताची मुळंही हवेसाठी मातीवर पूर्ण अवलंबून नसतात, कारण भाताच्या खोडात आणि मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ नलिका असतात.

त्यामुळे भातखाचरातला कठीण थर ही कुणाची चूक नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे.

अडचण कुठे सुरू होते?

अडचण नोव्हेंबरनंतर सुरू होते. भात निघतो आणि त्याच जमिनीत वाल, हरभरा, मूग किंवा भाजीपाला येतो. या पिकांच्या मुळांना हवा लागते आणि खोलवर जावं लागतं. भातासाठी जो थर पाणी धरून ठेवतो, तोच थर वालाला खालच्या ओलाव्यापासून तोडतो.

रायगडमध्ये वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारीत अनेक शेतं कोरडी पडलेली दिसतात. पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत येतो. कठीण थरामुळे तो खाली मुरण्याऐवजी बांधावरून वाहून जातो, हे यामागचं एक कारण आहे. दुसरं पीक घ्यायचं की जमीन पुढच्या जूनपर्यंत पडीक ठेवायची, हा निर्णय बऱ्याचदा या वीतभर खोलीवर ठरतो.

पनवेलसारख्या तालुक्यात हा प्रश्न आणखी टोकदार आहे. इथे विमानतळ, रस्ते आणि गृहप्रकल्पांनी शेतीला वेढलं आहे. जी शेती उरली आहे, ती एका पिकावर परवडत नाही. दुसरं पीक हाताशी असणं म्हणजे शेती चालू राहण्याचं एक कारण हाताशी असणं.

हा त्रास फक्त कोकणाचा नाही. उत्तर भारतात भातानंतर गहू घेतला जातो. चिखलणी केलेल्या जमिनीत गव्हाच्या मुळांची हीच कोंडी होते. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रक शिरतात आणि तिथली काळी माती खोलवर दबते.

ट्रॅक्टरमुळे काय बदललं?

बैलजोडीनेही माती दबत होती. फरक वजनाचा आणि वेळेचा आहे.

पॉवर टिलरचं वजन काहीशे किलो असतं. ४० ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. त्यात रोटाव्हेटर किंवा भरलेली ट्रॉली जोडली की मातीवरचा भार आणखी वाढतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. वरच्या थरात माती किती दबेल, हे मुख्यतः टायरच्या हवेवर अवलंबून असतं. टायर जितका टणक, तितका वरचा दाब जास्त. पण दाब किती खोल जाईल, हे यंत्राच्या एकूण वजनावर ठरतं. म्हणून रुंद टायर लावले तरी जड यंत्र खालची माती दाबतंच.

जगभरातच शेतीची यंत्रं जड होत चालली आहेत. स्वीडनमधील थॉमस केलर आणि स्वित्झर्लंडमधील डॅनी ऑर या मृदाशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मजेशीर, पण काळजीत टाकणारी तुलना केली होती. भरलेल्या कंबाइन हार्वेस्टरचं वजन १९५८ मध्ये सुमारे ४ टन होतं, ते २०२० पर्यंत ३६ टनांवर गेलं. म्हणजे आजची सर्वात मोठी यंत्रं पृथ्वीवर चाललेल्या महाकाय डायनासोरांच्या वजनाजवळ पोहोचली आहेत. जगातल्या सुमारे २० टक्के पिकाऊ जमिनीत खालच्या थराची माती दबण्याचा धोका जास्त आहे, असा त्यांचा अंदाज होता.

पनवेलच्या लहान खाचरांत ३६ टनांचं यंत्र येणार नाही. पण ओली माती दोन टनांच्या ट्रॅक्टरनेही दबते. कोरड्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात. ओल्या मातीत पाणी वंगणासारखं काम करतं आणि कण सहज सरकतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नुकसानाचा मोठा भाग चाकाच्या पहिल्याच फेरीत होतो. त्याच चाकोरीतून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलं तर भर थोडी पडते. त्यामुळे यंत्र शेतभर फिरवण्यापेक्षा एकाच चाकोरीतून नेणं कमी घातक ठरतं.

रोटाव्हेटरची अडचण वेगळी आहे. त्याची पाती वरची माती पिठासारखी बारीक करतात. शेत सुंदर दिसतं. पण दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरली की खालचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत आणि घट्ट होतो. बारीक झालेली माती पहिल्या जोरदार सरीत बसते आणि वर पापुद्रा धरते.

आपलं शेत घट्ट झालंय, हे कसं ओळखायचं?

यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. तीन चाचण्या घरच्या साहित्यात होतात.

*१. सळईची चाचणी.* आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, टोक असलेली लोखंडी सळई घ्यायची आणि वर आडवी मूठ जोडायची. भात कापल्यावर माती आतून ओलसर असताना ती हळूहळू, सारख्या जोराने खाली दाबायची. जिथे अचानक जोर लागतो, तिथे सळईवर बोट धरून खोली मोजायची. शेतात १० ते १५ ठिकाणी असं करायचं. बहुतेक ठिकाणी अडथळा एकाच खोलीवर लागला, तर तो कठीण थर. माती पूर्ण सुकलेली असताना ही चाचणी करू नये. सुकी चिकण माती सगळीकडेच कठीण लागते आणि निष्कर्ष चुकतो.

*२. खड्ड्याची चाचणी.* पीक उभं असताना रोपाच्या बाजूला दीड फूट खोल खड्डा घ्यायचा आणि भिंतीवरची माती चाकूने हलकेच खरवडायची. मुळं सरळ खाली गेली आहेत की एका पातळीवर आडवी वळली आहेत, हे डोळ्यांना दिसतं. माती दाण्यादाण्यांत सुटते की पाट्यासारख्या आडव्या चकत्यांत निघते, हेही पाहायचं. आडव्या चकत्या म्हणजे माती दबल्याची खूण.

*३. डब्याची चाचणी.* १५ सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या डब्याचं वरचं आणि खालचं झाकण कापून तो जमिनीत दोन-तीन बोटं रुतवायचा. त्यात सुमारे ४५० मिलिलिटर पाणी ओतलं की साधारण एक इंच पाऊस होतो. ते मुरायला किती वेळ लागतो, हे मोजायचं. हीच चाचणी शेताच्या अशा कोपऱ्यात करायची, जिथे चाक कधी गेलेलं नाही. बांध मात्र निवडू नये, कारण बांधावर माणसांची आणि गुरांची कायम ये-जा असते. दोन वेळांमधला फरक बरंच काही सांगून जातो.

मृदा आरोग्य पत्रिकेत हे कळत नाही का? तर नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत १२ घटक तपासले जातात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब येतात. माती किती दबली आहे, हे त्यात नसतं. शिवाय नमुना खोदून, चाळून प्रयोगशाळेत जातो. कठीण थराचा पुरावा तिथेच मोडतो. त्यामुळे पत्रिकेवर सगळं ठीक दिसत असूनही पीक खुजं राहत असेल, तर सळई हातात घ्यायला हवी.

माती दबू नये म्हणून काय करावं?

यावरचा सर्वात स्वस्त उपाय मराठी शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तो म्हणजे वाफसा. जमीन ना चिखल, ना ढेकूळ, अशा अवस्थेत आली की वाफसा आला म्हणतात. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निघून गेलेलं असतं आणि हवा आत शिरलेली असते. मशागत करायची ती याच वेळी.

वाफसा ओळखायची सोपी रीत आहे. मशागत ज्या खोलीवर होणार, तिथली मूठभर माती घ्यायची. हातावर वळली आणि तिची दोऱ्यासारखी लांब वळी झाली, तर थांबायचं. गोळा झाला, पण बोटाने दाबल्यावर फुटला, तर शेतात उतरायला हरकत नाही. बरेच जण फक्त वरची माती बघतात. वर वाफसा असतो आणि खाली अजून ओल असते. ट्रॅक्टरचं वजन मात्र खालपर्यंत जातं.

अडचण अशी की लहान शेतकऱ्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नसतो. भाड्याचा ट्रॅक्टर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी काम उरकावं लागतं. वाफसा कळतो, पण पाळता येत नाही. त्यामुळे गावपातळीवर शेतांचा क्रम ओलीनुसार लावणं महत्त्वाचं ठरतं. उंचावरची, लवकर निथळणारी शेतं आधी आणि खोलगट शेतं नंतर.

याशिवाय काही सवयी उपयोगी पडतात:

- यंत्राची ये-जा ठरलेल्या एकाच वाटेने ठेवावी. कोकणात अनेक खाचरांना रस्ता नसतो आणि ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या शेतातून न्यावा लागतो. अशा वेळी शेजाऱ्यांनी मिळून एक कायमची पट्टी ठरवली, तर बाकीची शेतं वाचतात.
- भात कापणीनंतर भारे किंवा पोती भरलेली ट्रॉली शेताच्या मध्यभागी नेऊ नये. ती कडेला उभी करावी.
- टायरमधली हवा रस्त्यासाठी जास्त आणि शेतासाठी कमी लागते. कंपनीने दिलेल्या तक्त्यानुसार ती बदलावी.
- जिथे पॉवर टिलरवर काम भागतं, तिथे ट्रॅक्टर घालू नये.
- नांगरटीची खोली दरवर्षी बदलावी, म्हणजे एकाच पातळीवर थर बसत नाही.
- पावसाळ्यात आणि कापणीनंतर लगेच ओल्या शेतात गुरं मोकळी सोडू नयेत.

पनवेल परिसरात आणखी एक धोका आहे. बांधकामासाठी किंवा भरावासाठी शेतातून तात्पुरता रस्ता दिला जातो. भरलेला डंपर २५ टनांहून जड असतो. त्याच्या काही फेऱ्यांत खोलवर दबलेली माती पुढे अनेक वर्षं सुधारत नाही. असा रस्ता द्यायचाच झाला, तर तो एका पट्टीपुरता आणि कोरड्या दिवसांत असावा. त्या पट्टीवरची वीतभर सुपीक माती आधी काढून बाजूला रचून ठेवावी आणि काम संपल्यावर परत पसरावी. या अटी कराराच्या कागदावर लिहून घेणं चांगलं.

माती आधीच दबली असेल तर?

पहिला विचार सबसॉयलरचा येतो. हे खोल जाणारं, माती न पलटता फोडणारं औजार आहे. ते कामाचं आहे, पण दोन अटींवर.

एक, खालचा थर कोरडा असताना चालवलं तरच माती तडकते. ओल्या मातीत फक्त एक चीर पडते आणि तिच्या कडा आणखी घट्ट होतात. दोन, फोडलेली माती फार नाजूक असते. त्यानंतर लगेच जड यंत्र घातलं, तर ती पूर्वीपेक्षाही जास्त दबू शकते. म्हणून सबसॉयलरनंतर त्या जमिनीत मुळं वाढवणारं पीक हवं आणि यंत्रांची ये-जा कमी व्हायला हवी.

भातखाचरात तर आणखी एक प्रश्न आहे. थर सरसकट फोडला, तर पुढच्या पावसाळ्यात खाचर पाणी धरत नाही. त्यामुळे ज्या शेतात चिखलणीचा भात घ्यायचाच आहे, तिथे सबसॉयलर फिरवण्याआधी कृषी सहायक किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञांशी बोलणं शहाणपणाचं.

दुसरा मार्ग सावकाश, पण टिकाऊ आहे: मुळांनी थर फोडणं. तूर, ताग, धैंचा यांसारख्या पिकांची सोटमुळं मातीतल्या बारीक भेगा शोधत खाली जातात. पीक निघाल्यावर मूळ कुजतं आणि तिथे एक उभी नळी तयार होते. पुढच्या पिकाचं मूळ त्याच नळीतून उतरतं. पावसाचं पाणी आणि गांडुळंही तीच वाट वापरतात. भाताच्या बांधावर तूर लावण्याची जुनी पद्धत या दृष्टीने चांगली आहे. जी खाचरं पडीक ठेवली जातात, तिथे दुसरं काही नाही तरी एखादं शेंगवर्गीय पीक घेता येतं.

तिसरा मार्ग सेंद्रिय पदार्थांचा. शेणखत, कंपोस्ट, गिरिपुष्पाचा पाला, भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीत गेली की मातीचे कण एकत्र येऊन दाणे बनतात आणि हे दाणे दाब थोडा अधिक सहन करतात. चारसूत्री भात लागवडीत गिरिपुष्पाचा पाला आणि भाताचे अवशेष शेतात परत देण्यावर भर आहे. कोकणात रोपवाटिकेसाठी शेण, पाला आणि फांद्या जाळून राब भाजण्याची प्रथा आहे. त्याने तण मरतं आणि रोपं जोमदार येतात, पण जळलेला सेंद्रिय पदार्थ जमिनीला मिळत नाही. राबासाठी जाळायचा पाला कमी करून उरलेला कुजवला, तर खाचराला त्याचा उपयोग होतो.

निसर्गही थोडी मदत करतो. चिकण माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. या भेगा बुजवण्याची घाई न करता त्यांत पालापाचोळा आणि पहिल्या पावसाचं पाणी उतरू दिलं, तर थर काही प्रमाणात मोकळा होतो. खोलवरचं नुकसान मात्र एवढ्याने भरून निघत नाही.

चिखलणीच केली नाही तर?

हा प्रश्न पनवेलपासून जवळच, कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळ विचारला गेला. सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं 'सगुणा राईस तंत्र' म्हणजेच एसआरटी याच विचारावर उभं आहे.

या पद्धतीत सुरुवातीला एकदाच मशागत करून गादीवाफे तयार केले जातात. गादीचा माथा साधारण एक मीटर रुंद असतो आणि दोन गाद्यांमध्ये सरी असते. त्यावर लोखंडी साच्याने २५ बाय २५ सेंटिमीटरवर खुणा पाडून भाताचं बी थेट टोकलं जातं. चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणीही नाही. कापणी झाल्यावर भाताची मुळं तशीच जमिनीत राहू दिली जातात. पुढचं पीक, मग ते वाल असो वा हरभरा, त्याच गादीवर न नांगरता घेतलं जातं.

कठीण थराच्या दृष्टीने इथे तीन गोष्टी एकाच वेळी होतात. ओल्या मातीवर यंत्र चालत नाही. माणसं सरीतून चालतात, गादीवर पाय पडत नाही. आणि कुजणारी मुळं दरवर्षी नव्या वाटा तयार करतात. नांगर चालत नसल्याने गांडुळांची घरंही मोडत नाहीत.

पद्धतीला मर्यादाही आहेत. खाचरात पाणी उभं नसल्यामुळे सुरुवातीची वर्षं तण जास्त येतं आणि तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. त्यात ग्लायफोसेटचा वापर होत आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करण्याचं बंधन घालणारी अधिसूचना काढली. त्यामुळे तणाचा बंदोबस्त कसा करायचा, याचं नियोजन आधीच करावं लागतं. फार खोलगट, सतत पाणी साचणाऱ्या खाचरांत गादीवाफे टिकवणंही कठीण जातं.

खार जमिनीत वेगळं काय?

पनवेलच्या खाडीलगत खार जमिनी आहेत. बांधबंदिस्ती करून समुद्राच्या भरतीपासून राखलेल्या या शेतांत माती घट्ट होण्यामागे केवळ वजन नसतं. मातीत सोडियम जास्त झाला की चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात. ओली असताना ही माती चिकट होते आणि सुकल्यावर तिचा टणक पापुद्रा बनतो. सळई इथेही अडते, पण कारण वेगळं असतं.

म्हणून खार जमिनीत आधी माती परीक्षण, मग उपाय. सोडियमचं प्रमाण खरोखर जास्त निघालं, तर जिप्सम उपयोगी पडतं. केवळ चाकाने दबलेल्या जमिनीत जिप्सम टाकून थर मोकळा होत नाही. खोल नांगरट केली, तर खालची जास्त क्षार असलेली माती वर येण्याचा धोका असतो. बांध आणि उघाडी दुरुस्त ठेवणं आणि पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन निघू देणं, हे इथलं पहिलं काम.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलमध्येच आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती याच केंद्राच्या. कर्जतला विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि तिथे भातावर काम चालतं.

वर्षभराचं साधं वेळापत्रक

- *नोव्हेंबर:* कापणी झाली की माती ओलसर असतानाच सळईची चाचणी. ट्रॉली शेताच्या कडेला.
- *डिसेंबर ते फेब्रुवारी:* वाल, हरभरा किंवा दुसरं शेंगवर्गीय पीक. मध्ये एकदा खड्डा घेऊन मुळं पाहणं.
- *मार्च ते मे:* गरज आणि सल्ला असेल तरच कोरड्या जमिनीत खोल मशागत. शेणखत, कंपोस्ट पसरणं. भेगांमध्ये पालापाचोळा जाऊ देणं.
- *जून:* पहिल्या पावसानंतर घाई न करता वाफसा पाहूनच नांगरट. एसआरटी करायची असेल, तर त्याआधीच गादीवाफे तयार.
- *जुलै:* चिखलणी करायची असेल, तर गरजेपुरतीच. जास्त फेऱ्यांनी भात जास्त पिकतो असं नाही, खालचा थर मात्र आणखी घट्ट होतो.

यातलं सगळं एकाच वर्षात करावं लागत नाही. एका खाचरापासून सुरुवात करता येते. अर्ध्या भागात नेहमीची पद्धत आणि अर्ध्यात नवी ठेवली, तर जानेवारीत दोन्हीकडचा वाल उपटून मुळं शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. एकीकडचं मूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं असेल आणि दुसरीकडचं सरळ उतरलेलं असेल, तर पुढच्या वर्षी काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.